जुनं करायचं काम

कारखान्यातलं शेवटचं बाक माझं.
इथवर येते तेव्हा ती नवी कोरी असते,
निळसर काळी, तेलानं थबथबलेली,
सहा घरांचं चक्र बोटानं फिरवलं
की घड्याळासारखं टकटकतं.
मी तिला दीडशे वर्षांची करते.
साधारण चाळीस मिनिटं लागतात.

तेजाबाचा बोळा आधी नळीच्या टोकाला,
जिथं कातडी म्यानानं घासलं असतं,
मग मुठीच्या पितळेला,
मग घोड्याच्या कानाला,
कुणाचा तरी अंगठा तिथं यायचा म्हणून.
कुणाचा, ते मला कुणी सांगितलेलं नाही.
मी बापाचा धरते.
बोर्तोलोचा.
तो डावखुरा होता,
म्हणून माझ्या हातच्या सगळ्या चुकीच्या बाजूला झिजतात
आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केलेली नाही.

फाउस्तीनो नवा आहे, अजून कानस धरताना जीभ बाहेर काढतो.
परवा विचारत होता,
नळीखाली हे काय, बुजवल्यासारखं?

म्हटलं, मूळची ही ठासणीची.
पुढून दारू, पुढून शिशाची गोळी,
खालच्या दांडीनं दाबून बसवायची,
मागून एकेका घराला तांब्याची टोपी.
पावसात सगळंच मुकं.
मग आलं पितळी काडतूस :
दारू, गोळी, टोपी एकत्र,
शिदोरी बांधावी तशी.
पण तिकडे अमेरिकेत वखारी भरून पडल्या होत्या जुन्या,
आणि चांगलं पोलाद कुणाला फेकवतं?
चक्राची मागची बाजू कापली,
तिथं एक कडं बसवलं,
कड्याला चिमुकलं दार.
दांडीला काम उरलं नाही. काढली.
भोक बुजवलं.

तो म्हणाला, ते त्यांचं.
पण हिचं काय बुजवलं, आर्मिदा?
हिला कुठं होती दांडी?

तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

खरंच की.
ही जन्मलीच बुजवलेली.
कापाकापी झालीच नाही, टाके तेवढे आहेत.
ज्या पहिल्या जन्मातून ती सावरली म्हणायची
तो जन्म आमच्या नकाशात
एका तुटक रेषेनंसुद्धा काढलेला नाही.

मागच्या मार्चमध्ये ब्रेशियाला माझा खुबा बदलला.
घरी येताना एक कार्ड दिलं,
त्यावर आतल्या सांध्याचा अनुक्रमांक,
आमच्या बंदुकांना असतो तसाच, सहा आकडी.
पण मला आधीची चाल आठवते.
कारखान्यामागच्या पायऱ्या
दोन-दोन गाळत मेल्लाच्या पाण्यापर्यंत,
आणि वरून आईच्या शिव्या.
कापलं ते माझं कापलं.

हिला विचारावं तर काय विचारावं?
कुठंतरी दूर रविवारी कुणी गृहस्थ
रुंद टोपी घालून पत्र्याच्या ताटल्यांवर बार काढेल,
आणि सांगेल बायकोला, बघ, किती सोसलंय हिनं.
त्याचे पणजोबा तेव्हा कदाचित
कुठल्या बंदरात बटाटे तोलत असतील.
सांगू दे.
सोसलंय ते बोर्तोलोच्या अंगठ्यानं सोसलंय,
आणि त्याला आयुष्यात एकदाच बार काढायला मिळाला,
तोही लग्नाच्या वरातीत, आभाळात.

एकच जागा मी सोडते.
परीक्षागृहात जादा दारू भरून वाजवून बघतात,
तगली तर ठोकतात तारा, शिक्का
आणि यंदाच्या सालाची दोन अक्षरं.
त्यांच्यावर तेजाब नाही. लख्ख वाचता आली पाहिजेत.
इतक्या म्हातारपणात तेवढंच खरं वय,
नखाएवढं.

आज तिसऱ्या पेटीतल्या एकीचं
ते बुजवलेलं भोकही मी तसंच ठेवलं,
नवं, निळं.
फाउस्तीनोनं पाहिलं.
काही बोलला नाही,
माझी बाटली चिंधीनं पुसली
आणि बूच घट्ट लावलं.